पाय ओले करायची बेटं

माणूस वाईट नव्हता, असं त्यांच्याबद्दल आमच्या ऑफिसात अजूनही सगळे म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. एखाद्याच्या हातातलं सगळं काढून घेतल्यावर एवढं एक वाक्य बोलायला कोणाचं काय जातं? आणि ते काही खरंही नाही. ते चांगलेच वाईट होते. तुसडे होते, हट्टी होते, गिऱ्हाइकाला तोंडावर बोलायचे, आणि कोणी चहा आणून दिला तर आधी कपाचा कान पुसायचे. मला ते आवडायचे.

मुलुंडला, पूर्वेला, आमची टूर कंपनी आहे. दाराबाहेरच्या बोर्डावर बर्फाचा डोंगर, एक उंट, एक उंच मनोरा आणि कोपऱ्यात गणपती. मी तिथे बुकिंगच्या टेबलावर लागले त्या पहिल्या दिवशी हे गृहस्थ स्टुलावर उभे राहून भिंतीवरच्या जगाच्या नकाशाची फ्रेम स्क्रू ड्रायव्हरने उचकटत होते.

"तुटली का हो?" मी विचारलं.

"नाही. बेटं झाकतेय."

आपल्याकडच्या नकाशात पॅसिफिक महासागर कापलेला असतो. अर्धा या टोकाला, अर्धा त्या टोकाला. सॉलोमन, वानुआटू, फिजी ही बेटं उजवीकडे अगदी कडेला येतात आणि फ्रेमची पट्टी नेमकी त्यांच्यावर बसते. त्यांनी उजवी पट्टी काढून टाकली ती कायमची. त्यानंतर आमच्या ऑफिसात तीन बाजूंची फ्रेम लटकत राहिली आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सांगायचं, अहो, तुमची फ्रेम तुटलीय. ते मान वर न करता म्हणायचे, "माहितीय."

त्यांना हाक काय मारायची हा माझ्यापुढे पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडला. ऑफिसात सगळे काका, दादा, भाऊ, ताई. मी काका म्हटलं तर म्हणाले, "मी कोणाचा काका नाही." सर म्हटलं तर म्हणाले, "मी काय शिकवतो तुला?" आडनावाने हाक मार, पुढेमागे काही लावू नकोस, असा हुकूम झाला. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या आडनावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. शेवटी मी नुसतं 'अहो' म्हणायला लागले, आणि अकाउंट्सच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. यांना स्वतःला त्यातलं काही कळायचं नाही, किंवा कळून ते सोडून देत असतील.

त्यांचं काम टूर आखायचं. म्हणजे काश्मीरला पहिल्या दिवशी कुठे मुक्काम, थायलंडला जेवण कुठल्या हॉटेलात, बसमध्ये चढल्यावर किती वेळाने बाथरूमसाठी थांबायचं, हे सगळं टेबलावर बसून ठरवायचं. ते काम त्यांच्याइतकं चोख करणारा माणूस मी पाहिला नाही. स्वतः मात्र ते यातल्या कुठल्याच गावाला गेलेले नव्हते. कंपनीचे मालक, ज्यांना सगळं मुलुंड 'भाऊ' म्हणतं, त्यांनी अगदी सुरुवातीला एकदा त्यांना अष्टविनायकाच्या बसबरोबर पाठवलं होतं. एक बँकेतले मोठे साहेब सहकुटुंब दर्शन घेऊन भजी खात बसले. यांनी ठरलेल्या वेळेला बस सोडली. साहेब रांजणगावला राहिले. त्यानंतर भाऊंनी त्यांना पुन्हा गिऱ्हाइकांबरोबर पाठवलं नाही.

पण भाऊंनी त्यांना एक शब्द दिला होता. यांच्या डोक्यात एक टूर होती. छोटं जहाज, त्यात मोजकी माणसं, आणि पॅसिफिकमधली अशी बेटं जिथे विमानतळ नाही, हॉटेल नाही, बोट लागायला धक्काही नाही. जहाज लांब समुद्रात उभं राहतं, माणसं रबरी होडीत बसतात, आणि किनाऱ्याजवळ आलं की गुडघाभर पाण्यात उतरून चालत जातात. दर दसऱ्याला ऑफिसात पूजा झाली की भाऊ सगळ्यांना आपट्याची पानं द्यायचे. यांच्या हातात पानं ठेवताना म्हणायचे, "तुझी ती बेटांची टूर निघू दे. पहिला ग्रूप तूच घेऊन जायचास. माझा शब्द आहे." हे मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून चाललेलं. ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीने यांना बोलावलं होतं, गेले नाहीत. या शब्दाखातर गेले नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि भाऊंनाही माहीत होतं.

टूर निघेपर्यंत ते स्वतःला तयार करत बसले. डब्यात उकडलेल्या अळकुड्या, मीठ आणि खोबरं. रोज. का, तर त्या बेटांवर हेच मिळतं, पोटाला सवय हवी. आम्ही शेजारी बसून पावभाजी खायचो तेव्हा ते अळकुडी सोलत म्हणायचे, "तुम्हा लोकांना जगात कुठेही नेलं तरी तुम्ही मुलुंडमध्येच असता." रविवारी ते नाहूरच्या घरातून निघून बोरीवलीला जायचे, गोराईच्या खाडीवर. हौस म्हणून नाही. तिथल्या फेरीबोटीत चढायचं, पलीकडे उतरायचं, परत चढायचं. हलत्या बोटीतून उतरताना कुठला पाय आधी टाकायचा याची सवय. त्यासाठी खास रबरी सँडल घेतले होते, मागे पट्टा असलेले, जाड तळाचे. खाडीवरचे बोटवाले त्यांना ओळखायला लागले होते आणि तिकीटही मागत नसत, वेड्याकडे कोण मागणार!

एकदा मी विचारलं, "अहो, पण तीच बेटं का? अंदमान आहे, लक्षद्वीप आहे."

"तिथे सगळे जाऊन आलेत."

"म्हणून काय झालं?"

"तिथे गेलं की कोणीतरी सांगतं, इथे उभं राहून फोटो काढा. मला अशा ठिकाणी जायचंय जिथे कुठे उभं राहायचं ते मला माहीत नाही." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच लाज वाटली असावी. मग म्हणाले, "तू तुझं काम कर."

गिऱ्हाइकांशी त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. टूरची जाहिरात निघाल्यावर घाटकोपरहून एका बाईंचा फोन आला. माझ्याकडे होता, पण यांनी हिसकावून घेतला.

"तिथे शॉपिंग काय आहे?"

"काही नाही. शंख उचलायचे नाहीत, ते त्यांचे आहेत."

"मग करायचं काय तिकडे?"

"बघायचं."

"काय बघायचं?"

"तुम्ही दुबईला जा," म्हणाले आणि फोन ठेवला.

भाऊंचा मुलगा, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, तेव्हा नुकताच धंद्यात आला होता. त्याने हे ऐकलं. तो नुसता हसून मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याचं हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

पण म्हणून त्यांना आपली माणसं कळत नव्हती असं नाही. उलट आमच्यात त्यांनाच ती कळायची. टूर कधी न्यायची यावर वर्षभर भांडण चाललं होतं. भाऊंना दिवाळी हवी. हे म्हणाले, दिवाळीनंतर तिकडे वादळांचे दिवस सुरू होतात, तेव्हा माणसं न्यायची नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यांत उत्तम, पण आधी गणपती, मग पितृपक्ष, आणि पितृपक्षात आपला माणूस अलिबागलासुद्धा जात नाही. मग त्यांनी मे ठरवला. प्रत्येक तारखेखाली ते तिथी लिहायचे, कारण चतुर्थीचा उपास करणारी चार माणसं प्रत्येक ग्रूपमध्ये असतात आणि चंद्रोदय कधी हे विचारल्याशिवाय पैसे भरत नाहीत. मुलुंडच्या एका आजींना त्यांनी वानुआटूचा चंद्रोदय काढून दिला होता. स्वतः चतुर्थीला अंडी खायचे. आजी म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." हे म्हणाले, "आधी तुमचं होऊ दे, तुम्ही होडीत नीट उतरा."

तर अशी ती टूर निघायची ठरली. माणसं जमली. मुलुंडची निवृत्त जोडपी, घाटकोपरचे एक कापडवाले शेठ आणि त्यांची मित्रमंडळी, मानखुर्दच्या एक निवृत्त हेडबाई एकट्याच. जहाज कंपनीने ग्रूप नेणाऱ्यासाठी एक जागा मोफत दिली. यांचा व्हिसा आला तेव्हा त्याचा कागद त्यांनी टेबलावर काचेखाली ठेवला. मी पेढे आणले, तर म्हणाले, "आधी जाऊन येतो." पण दोन खाल्ले. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं.

घात केला तो त्यांच्याच शिस्तीने. टूर निघायच्या आधी आमच्याकडे एक मेळावा असतो. हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचं, टोप्या आणि बॅगा वाटायच्या, साबुदाणा वडा द्यायचा, भाऊंनी दोन शब्द बोलायचे. यांनी हॉल रद्द केला आणि सगळ्या ग्रूपला रविवारी सकाळी गोराईच्या खाडीवर बोलावलं. पाण्यात उतरायचा सराव. दादाला कळवलंही नाही. मला टोप्या घेऊन यायला सांगितलं होतं म्हणून मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

माणसं काय नटून आली होती! नवे बूट, गॉगल, शेठच्या बायकोच्या डोक्यावर टूरसाठी घेतलेली मोठी हॅट. यांनी एक बोट ठरवली होती. ती धक्क्याला न लावता बाजूला, खारफुटीच्या कडेला नेली, आणि तीही ओहोटीला. मुद्दाम. "भरतीला कोणीही उतरेल," म्हणाले. मग बोटीच्या काठावर उभे राहून सांगायला लागले. बसूनच काठाकडे सरकायचं. पाय बाहेर टाकायचे. होडीवाल्याच्या मनगटाला धरायचं, बोटांना नाही. लाट मागे गेली की उतरायचं. बेटावर पाय ओले करूनच जातात, ज्याला पाय कोरडे ठेवायचेत त्याने अजूनही पैसे परत घ्यावेत.

हेडबाईंनी साडी खोचली आणि सगळ्यांत आधी उतरल्या. गुडघाभर चिखल. तिथून ओरडल्या, "या रे सगळे, काही होत नाही!" त्यांच्यामागून कापडवाले शेठ उतरले. त्यांचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. त्यांनी पाय वर काढला तो नुसता मोजा.

"अरे, पैसे भरून आम्हाला चिखलात उतरवता? आम्ही काय कोळी आहोत काय?"

"कोळी असतात तर मला शिकवावं लागलं नसतं," हे म्हणाले.

बाकीचा कोणी उतरलाच नाही. संध्याकाळपर्यंत टूरच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर त्या मोज्याचा फोटो फिरत होता, खाली हसणाऱ्या आणि चिडलेल्या चेहऱ्यांच्या रांगा. मग कोणीतरी लिहिलं, ते चिखलाचं जाऊ दे, जेवणाचं काय? जहाजावर उकडलेलं देणार म्हणे. लगेच सगळे सुरू झाले. आपला आचारी पाहिजे. इतर कंपन्या नेतात. घरचं जेवण म्हणून तर तुमच्याकडे आलो. चिखल मागे पडला आणि पोहे पुढे आले.

सोमवारी भाऊंच्या केबिनमध्ये यांना बोलावलं. केबिन म्हणजे काचेचा आडोसा, वरून उघडा. सगळं ऐकू येतं.

दादा म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. पण लोक खूप चिडलेत यार. जहाजावर त्यांचे गाइड असतात ना, ते सगळं सांगतात. आपला माणूस तिथे काय करणार? आणि सीट एकच आहे. आपण आचारी पाठवू. सकाळी पोहे मिळाले की पब्लिक खूश."

"जहाजाच्या स्वयंपाकघरात बाहेरचा माणूस घेत नाहीत. मी त्यांना विचारलंय. त्यांनी नाही म्हणून कळवलंय."

"जुगाड होतो हो, काका."

"मी काका नाही."

मला काचेतून भाऊ दिसत होते. त्यांच्यासमोर आदल्या दिवशीचे, मेळाव्यासाठी सांगितलेले आणि न वाटलेले साबुदाणा वडे होते, गरम करून आणलेले. ते वडा मोडत होते. हे दादाकडे बघतच नव्हते, भाऊंकडे बघत होते. एवढी वर्षं ज्याच्या हातून आपट्याची पानं घेतली त्या माणसाने आता तोंड उघडावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भाऊंनी घास गिळला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तू जा रे. माझा शब्द आहे."

मी तिथे ओरडायला हवं होतं वगैरे मी काही म्हणणार नाही. मी पगारी बाई, माझ्या ओरडण्याने काय होणार होतं! पण त्या दिवशी भाऊंबद्दल माझ्या मनातलं जे गेलं ते परत आलं नाही. आजही ते नमस्कार करा म्हणून पाय पुढे करतात तेव्हा मी फोन घेते.

आचारी म्हणून बाबी निघाला. बाबी देवगडकडचा, आमच्या काश्मीरच्या टूरवर भांडी घेऊन जाणारा. त्याला बिचाऱ्याला जायचं नव्हतं. आंब्याच्या दिवसांत घरी जायची त्याची सुट्टी ठरली होती. हे तोंड फिरवून बसतील असं मला वाटलं होतं. तर यांनी बाबीला टेबलाशी बोलावून खुर्ची दिली आणि पूर्ण टूर त्याला समजावून सांगितली. कुठल्या बेटाला होडी कशी लागते, कुठे प्रवाळ पायाला कापतं, कुठे गावच्या मुख्याला आधी भेटायचं. बाबी ऐकून घेत होता. शेवटी पाण्यात कसं उतरायचं ते सांगायला लागले तेव्हा त्याला हसू आवरेना.

"साहेबानू, ह्यां काय शिकाचा? मी लहानपणापासना ह्याच करतंय."

"तरी ऐक."

आणि मग खालच्या खणातून ते रबरी सँडल काढले. "पाय पुढे कर." बाबीला ते बरोबर बसले. यांनी वाकून मागचा पट्टा ओढून बघितला, एक भोक घट्ट केलं, आणि म्हणाले, "भिजले तरी चालतात. भिजवायलाच घेतलेत."

टूर गेली. जाहिरातीप्रमाणे सोळा आणे यशस्वी झाली, असं दादाने पुढे सगळीकडे लिहिलं. हे रोज सकाळी येऊन घड्याळ बघायचे. आता ते अमुक बेटासमोर असतील, असं एकदाच म्हणाले, मग तेही बंद केलं. ग्रूपवर फोटो यायचे. जहाजाच्या जेवणघरात हाउजी. जहाजाच्या डेकवर गरबा. शेठच्या बायकोची हॅट. मागे कुठेतरी हिरवा डोंगर, कोणाच्या तरी खांद्याआडून.

परत आल्यावर हेडबाई ऑफिसात आल्या. एकट्याच आल्या. मला विचारलं, "त्या सरांना का नाही पाठवलं तुम्ही? ज्यांनी आम्हाला उतरायला शिकवलं त्यांना?" मी केबिनमध्ये बसलेल्या दादाकडे बोट दाखवलं. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत लाल होऊन बाहेर आल्या. हे त्या वेळी बँकेत गेले होते. त्यांची गाठ पडलीच नाही.

बाबी दुसऱ्या दिवशी आला. मी, अकाउंट्सच्या बायका, सगळे भोवती. हे आपल्या टेबलावर, पाठ करून.

"माका भटारखान्यात घुसाकच दिल्यानी नाय," बाबी सांगायला लागला. "पयल्याच दिवशी भायर काढल्यानी. मगे माका काय काम? रोज होडयेत बसलंय नि उतारलंय. बाकीची मंडळी पानी बगून नको म्हणाली. होडयेतसून फोटो काढून मागारी. आमी दोगाच उतारलंव, मी नि ती मानखुर्दची बाई."

"मग? कसं होतं रे?" मी विचारलं.

"काय वेगळा नाय ओ ताईनू. आमच्या गावासारख्याच सगळा. माड, रेव, होडये. म्हाताऱ्यो बायलमाणसां भायर बसान माडाची चुडतां विणतत. माजी आवस अशीच विणी. नि सगळीकडे सुक्या खोबऱ्याचो वास."

सुक्या खोबऱ्याचा वास. हे शब्द यांच्या मूळ जाहिरातीत होते. 'किनाऱ्यावर पाय ठेवताच सुक्या खोबऱ्याचा वास येतो.' दादाने ते वाक्य काढायला लावलं होतं, वासाने काय बुकिंग होतं का म्हणून. मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही. बाबी त्यांच्याजवळ गेला, "साहेबानू, तुमका सगळा सांगतंय बसान..." तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "नको. तुझी आंब्याची सुट्टी गेली ती आता घेऊन टाक."

बाबी गावी गेला तो दिवाळीनंतरच आला.

दसऱ्याला नव्या हंगामाची माहितीपुस्तकं छापून येतात. गठ्ठा पूजेत ठेवतात, त्याला हळदकुंकू वाहतात. त्या वर्षी मुखपृष्ठावर बाबी होता. पांढरी टोपी, हातात पुरीभाजीची थाळी, मागे समुद्र आणि एक सुळक्यासारखा डोंगर. दादाने इथून फोनवर सांगून बेटावर मुद्दाम काढायला लावलेला फोटो. थाळीतल्या पुऱ्या घाटकोपरहून नेलेल्या, हे बाबीनेच फोनवर सांगितलं. वर मोठ्या अक्षरांत 'घरचं जेवण, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर'. कमरेखाली फोटो कापून तिथे फोन नंबर टाकला होता.

यांनी आरती होईपर्यंत थांबून वरचं पुस्तक उचललं. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं.

"बेटाचं नाव चुकलंय," म्हणाले. "हा डोंगर या बेटावर नाही. हे त्याच्या आधीचं बेट. इथे उतरायला जागा खडकाळ आहे."

दादा पेढा खात होता. "कोणाला कळतंय, काका?"

सगळे हसले. वाईट मनाने नाही, सणाचं हसतात तसं. यांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. "आणि याचे पाय कुठे गेले?"

"नंबर टाकायचा होता ना खाली."

त्यांनी पुस्तक परत गठ्ठ्यावर ठेवलं, कोपरा कोपऱ्याला जुळवून. तेवढ्यात भाऊ आपट्याची पानं घेऊन आले. सगळ्यांना देत देत यांच्यापाशी थांबले. म्हणाले, "पुढच्या वर्षी तूच. माझा शब्द आहे."

यांनी हात पुढे केला नाही. भाऊंचा हात तसाच पानं धरून राहिला. मग भाऊंनी ती पानं गणपतीपुढे ठेवली आणि पुढच्या माणसाकडे गेले. दुसऱ्या दिवशी हे कामावर आले नाहीत. तिसऱ्याही नाही. आठवड्याने दादाने त्यांच्या जागी एक मुलगी घेतली, आणि नकाशाला चारही बाजूंची नवी फ्रेम बसवून घेतली. तेव्हापासून सगळे म्हणायला लागले, माणूस वाईट नव्हता.

दिवाळीनंतर बाबी आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सँडल घेऊन. "साहेबांक दी. गावात होडयेर घालीत होतंय, बरे टिकले." मी ते रविवारी नाहूरला घेऊन गेले. चाळवजा इमारत, गॅलरीला लोखंडी कठडा. दार त्यांनीच उघडलं. लुंगी, बनियन, हातात अर्धी सोललेली अळकुडी. अजून तेच खात होते.

"अहो, बाबीने पाठवलेत," मी म्हटलं.

पिशवीतून सँडल काढून त्यांनी तळ बघितला. तळाच्या खाचांत पांढुरकी वाळू घट्ट बसली होती. मला एकदम भरून आलं. वाटलं, हे गेले नाहीत, पण यांचे सँडल तरी तिथे उतरून आले, आणि येताना थोडं घेऊनही आले. मी म्हटलंही, "बघा ना, तिथली वाळू आहे."

"धुऊन आणायचेस," ते म्हणाले.

मग गॅलरीत गेले, कठड्याबाहेर हात काढून दोन्ही सँडल एकमेकांवर आपटले. फाट, फाट. वाळू उडाली आणि खाली उभ्या असलेल्या कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर पडली.

"अहो, काय करताय! तिथली वाळू होती ती!"

"तिथली असेल, नाहीतर देवगडची," ते म्हणाले. "बाबी म्हणाला ना, सारखंच आहे."

आणि उरलेली वाळू अंगठ्याच्या नखाने खाचांतून कोरून काढत राहिले, एकही कण राहू नये म्हणून.